तंबूला जागा हवी, मुलांना काम हवे

कोल्हापूर जिल्ह्यात आई-वडील, दोन मुले, जमल्यास एखादी आजी आणि एक तंबू एवढ्या बेताच्या लवाजम्याला एक रात्र निर्धास्तपणे उतरता येईल, अशी माफक शुल्काची सार्वजनिक जागा शोधायला निघावे, तर तो शोध फार लवकर आटोपतो. खासगी तळ मात्र वाढत चालले आहेत. धरणांच्या काठाला, पन्हाळ्याच्या परिसरात, आंबा आणि गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर रंगीत तंबूंच्या रांगा दिसू लागल्या आहेत. माणशी ठरलेला दर, संध्याकाळी चहा-भजी, रात्री जेवण आणि ध्वनिक्षेपकावर गाणी, सकाळी पोहे आणि निरोप, असा त्यांचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. आठवडाभर राबलेल्या माणसाला तिथे विसावा मिळतो आणि तो मिळायलाच हवा, याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप आहे तो त्या तळावर मुलांच्या वाट्याला काय येते, यावर. तंबू आधीच ठोकलेला असतो, शेकोटी कोणीतरी पेटवून ठेवलेली असते, ताट समोर येते, खेळ घेणारा माणूस शिट्टी वाजवून खेळ सुरू करतो आणि शिट्टी वाजवूनच संपवतो. वाढदिवसाच्या सभागृहात मूल जसे पाहुणे म्हणून जाते, तसेच ते रानातही पाहुणे म्हणून जाते आणि पाहुणे म्हणूनच परत येते.

मला असे ठामपणे वाटते की मुक्काम उभा करण्याच्या कामात मुलाला खरा वाटा मिळाला, म्हणजे ज्याच्यावाचून रात्रीचे जेवण अडेल किंवा अंथरूण पडणार नाही असे काहीतरी त्याच्या हाती सोपवले गेले, की मजेसाठी वेगळा कार्यक्रम आखावा लागत नाही. आणि असा वाटा देता येईल अशा साध्या, स्वस्त, शांत जागा तयार करणे हे पर्यटन व्यावसायिकांवर सोडून देण्याजोगे काम नाही. ते जिल्हा परिषदेचे, ग्रामपंचायतींचे आणि पर्यटन खात्याचे काम आहे. या दोन गोष्टी मी मुद्दाम एकत्र मांडतो आहे, कारण जागा नसली की पालकांपुढे तयार पॅकेजखेरीज पर्याय राहत नाही आणि पॅकेज घेतले की मुलांना करण्यासारखे काही राहत नाही.

कुटुंबासह उघड्यावर राहणे ही बाहेरून आलेली हौस आहे, असे काही जण म्हणतात. कोल्हापूरच्या माणसाने तरी असे म्हणू नये. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास सौंदत्तीच्या रेणुकेच्या यात्रेला इथल्या पेठांमधून आणि गावांमधून एसटी भरभरून कुटुंबे जातात, डोंगरावर उतरतात, तीन दगडांवर चूल मांडतात, नैवेद्य शिजवतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठीबरोबर चालत आलेली माणसे डोंगरावर मिळेल तिथे पथारी टाकतात. या मुक्कामांत मुलांसाठी म्हणून कोणी वेगळे काही ठेवलेले नसते. कुणी दगड गोळा करायचे, कुणी घागर घेऊन पाण्याच्या रांगेत उभे राहायचे, कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत सामानापाशी बसायचे. आणि तरीही मोठेपणी माणसे रंगून सांगतात त्या आठवणी याच मुक्कामांच्या असतात. देवाच्या निमित्ताने जे पिढ्यान् पिढ्या घडत आले, ते सुट्टीच्या निमित्ताने घडायला काय हरकत आहे?

या विषयावर लिहिताना एक गोष्ट टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीड आणि मराठवाड्यातल्या इतर भागांतून आलेली कुटुंबे आपल्या शिवारात खोपी घालून राहतात. त्यांची मुले पाणी आणतात, चूल पेटवतात, धाकट्यांना सांभाळतात, आणि त्यापायी अनेकांची शाळा बुडते. तेव्हा कामात मजा असते हे विधान सरसकट करता येणार नाही. मोठ्यांच्या सोबतीने, उद्या घरी परतायचे आहे या खात्रीने, एका रात्रीपुरते केलेले काम मुलाला उभारी देते. पोटासाठी महिनोन् महिने लादलेले काम त्याचे बालपण खाऊन टाकते. हा फरक आपल्या मुलांना कळायला हवा. तळाकडे जाताना रस्त्याच्या कडेला खोपी दिसल्या आणि ‘हीपण आपल्यासारखी राहायला आलीत का?’ असे मुलाने विचारले, तर गाडीतल्या मोठ्यांनी विषय न बदलता त्याला खरे उत्तर द्यावे.

मुक्कामातले सर्वांत रंगणारे काम चुलीचे. आजऱ्याकडे एका ओळखीच्या शेतात काही कुटुंबे मिळून उतरली असताना आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीकडे ते आले. तिने तीन दगड निवडले, त्यांतला एक डगमगत होता म्हणून बदलला, मधोमध कागदाचा बोळा ठेवला आणि काडी ओढली. सगळा धूर तिच्याच डोळ्यांत गेला. शेजारी बसलेली आजी एवढेच म्हणाली, “वारं कुठनं येतंय ते बघ आधी.” मुलीने चिमूटभर माती वरून सोडली, ती कुठे वाहते ते पाहिले आणि दगड पुन्हा मांडून चुलीचे तोंड वाऱ्याकडे फिरवले. मग काटक्यांची निवड सुरू झाली. पेन्सिलीएवढ्या बारीक काटक्या आधी, बोटाएवढ्या त्यानंतर, मनगटाएवढे लाकूड जाळ धरल्यावर, असा क्रम आजीने सांगितला आणि तिच्या चार वर्षांच्या भावाने वाकून वाकून तीन ढीग लावले. जाळ धरल्यावर दोन शेणी आडव्या सारल्या तेव्हा विस्तव टिकला. त्या चुलीवर शिजलेल्या पिठल्याला धुराचा वास होता. मुलीने ते प्रत्येकाच्या ताटात स्वतः वाढले आणि नको म्हणणाऱ्यालाही वाढले.

पाच वर्षांच्या आतल्या मुलाने काटक्या वेचाव्यात, आठ-दहा वर्षांच्याने चूल मांडावी, बारा वर्षांपुढच्याने मोठे माणूस शेजारी असताना ती पेटवावी, एवढी साधी विभागणी पुरते. विझवण्याचे काम पेटवण्याइतकेच गंभीरपणे मुलांकडे द्यायला हवे. पाणी ओतायचे, राख काठीने ढवळायची, पुन्हा पाणी ओतायचे आणि तळहाताची मागची बाजू राखेच्या वर धरून धग राहिली आहे का ते पाहायचे. डिसेंबरनंतर सड्यावरचे आणि डोंगरउतारावरचे गवत वाळून खडखडीत झालेले असते आणि एका ठिणगीने वणवा पेटतो, हे ज्याने स्वतः राख तपासली आहे अशा मुलाला पुन्हा सांगावे लागत नाही.

तंबू ठोकणे आणि पाणी भरणे ही कामेही अशीच. तंबूची जागा मुलांना निवडू द्यावी. उतार कुठे आहे, मुंग्यांचे वारूळ जवळ आहे का, वर वाळकी फांदी लोंबते आहे का, हे पाहायला शिकवले की ती पाच मिनिटांत मोठ्यांच्या चुका दाखवू लागतात. पाण्याचे तर असे आहे की नळ उघडला की पाणी येते एवढेच ठाऊक असलेल्या मुलाला अर्ध्या घागरीत पाच माणसांची ताटे घासून दाखव, असे आव्हान दिले, तर त्याला दुसरा खेळ सुचवावा लागत नाही. आधी राखेने ताट पुसून घ्यायचे आणि मग थेंबाथेंबाने विसळायचे, ही युक्ती त्याला आपली आपण सापडते.

रात्र हा मात्र मुक्कामाचा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि नेमका तोच आपण उजेडाने आणि आवाजाने वाया घालवतो. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरात झाला, याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्याच शहरातल्या आजच्या मुलांना घराच्या गच्चीवरून मोजके ठळक तारे सोडले तर आकाश दिसत नाही. राधानगरी, भुदरगड, चंदगड किंवा गगनबावड्याकडे तासा-दोन तासांच्या अंतरावर अजून काळोख शिल्लक आहे. डोळे काळोखाला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलचा पांढरा उजेड एकदा डोळ्यांवर पडला की ती सगळी तयारी वाया जाते, हे मुलांना आधी सांगावे आणि बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद लावण्याचे काम त्यांनाच द्यावे. मग प्रत्येकाने कृत्तिकेत आपल्याला किती तारे दिसतात ते मोजावे. कुणाला सहा दिसतात, कुणाला सात, आजीला नुसता धुरकट पुंजका दिसतो. त्यावर जी वादावादी होते ती तासभर पुरते.

याहून सुंदर खेळ ध्रुवाचा आहे. हात सरळ समोर ताणून मूठ धरली की ती आकाशात सुमारे दहा अंश व्यापते. मुलांची मूठ लहान, पण त्यांचा हातही त्याच मानाने आखूड असतो, त्यामुळे माप जवळपास तेच येते. उत्तरेच्या क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत मोजले तर कोल्हापूरच्या परिसरात ध्रुवतारा पावणेदोन मुठींच्या आत सापडतो, कारण आपण पावणेसतरा अंश अक्षांशाजवळ राहतो आणि ध्रुव क्षितिजापासून जवळजवळ तितक्याच अंशांवर दिसतो. श्रीनगरच्या मुलाला तोच तारा सुमारे साडेतीन मुठींवर दिसेल आणि कन्याकुमारीच्या मुलाला एका मुठीच्याही आत. आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत हे स्वतःच्या मुठीने मोजता येते, हे कळल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते कोणत्याही ‘रेन डान्स’मध्ये मला दिसलेले नाही. जानेवारीत रात्री उशिरापर्यंत जागण्याची परवानगी मिळाली तर दक्षिणेला अगस्त्यही दाखवता येतो. तो आपल्याकडून फार वर चढत नाही, दोन मुठींच्या आसपासच राहतो. म्हणून दक्षिणेचे क्षितिज मोकळे असलेली जागा त्यासाठी दुपारीच हेरून ठेवावी लागते, आणि ती हेरणे हेही मुलांचेच काम.

मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभी, पाऊस पुरता लागण्यापूर्वी, राधानगरीच्या बाजूला झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात. नर चमकतो, मादी त्याला प्रत्युत्तर देते, आणि त्यावर पुढची पिढी अवलंबून असते. गाड्यांचे दिवे आणि मोबाइलच्या बॅटऱ्या त्या संवादात अडथळा आणतात. काजवे पाहायला मुलांना जरूर न्यावे, पण काळोखात उभे राहून, न बोलता, कॅमेरा न काढता पाहणार असू तरच न्यावे. मुलांना हे मोठ्यांपेक्षा चांगले जमते.

ध्वनिक्षेपकाबद्दल मी स्पष्ट बोलतो. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई केली आहे. एवढा जुना नियम असूनही धरणाच्या पाण्यावरून मध्यरात्रीनंतरही ढोलाच्या ठेक्याचा आवाज पलीकडच्या गावात पोहोचतो. त्या गावात पहाटे उठून धारा काढणारी माणसे झोपलेली असतात, आणि त्याच रानात गवे, भेकरे फिरत असतात. आपल्या मुलांना आपण कोणत्या प्रकारचे पाहुणे व्हायला शिकवतो आहोत, हा प्रश्न इथे गंभीर आहे. शांत तळ ही चैन आहे असे मला वाटत नाही. गावकऱ्यांच्या झोपेचा आणि मुलांच्या कानांचा तो साधा हक्क आहे.

‘आवाज नाही, मोबाइल नाही, मग मुले कंटाळतील’, ही भीती पालक हमखास बोलून दाखवतात. ती खरी आहे, मुले कंटाळतात. पहिला तास-दीड तास कुरकुर चालते. त्या वेळात मोठ्यांनी काही करू नये, एवढेच करायचे असते. मग कुणीतरी चपट्या दगडांची लगोरी रचते, कुणाला विटी-दांडू कोरायचा असतो, झाड धड असेल तर सूरपारंब्या सुरू होतात. भोवरा आणि सागरगोटे सामानात टाकावेत; वजन काहीच नाही. खेळाचे नियम मुले भांडून ठरवतात आणि ते भांडण सोडवायला आपण धावू नये.

दिवसाची गोष्ट वेगळी. कोल्हापूरच्या आसपास दिवस काढायला मुद्दाम काही उभारावे लागत नाही, एवढे इथे मुळातच आहे. थंडीत मुक्काम असेल आणि जवळ गुऱ्हाळ चालू असेल, तर मालकाला विचारून अर्धा दिवस तिथे घालवावा. उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, पडतो, चुलवाणात चिपाडांचा जाळ लागतो, भेंडीच्या रसाने वर आलेली मळी झाऱ्याने काढून टाकली जाते, आणि गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळून पाहतो. ती गोळी कशी झाली यावर सगळी काहील उतरवायची की नाही हे ठरते. इतका वेळ भट्टीपाशी उभे राहून तो माणूस काय पाहत होता, हे मुलांनी त्यालाच विचारावे. जाळापासून आणि काहिलीपासून मुलांना हाताचे अंतर सोडून लांब उभे करावे, हे सांगायला नकोच. हातावर पडलेल्या कोमट काकवीचा थेंब ती विसरत नाहीत, पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की ज्या गुळाच्या नावाने आपले शहर देशभर ओळखले जाते, तो कोणाच्या घामाने होतो हे त्यांना तिथे दिसते.

दुसरा दिवस चालण्याचा असावा. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, ती वाट म्हाळुंग्याच्या बाजूने मसाईच्या पठारावरून जाते. दर पावसाळ्यात शेकडो माणसे ती पूर्ण चालतात. लहान मुलांना सगळी वाट झेपणार नाही आणि भर पावसात तिथे नेऊही नये. पण हिवाळ्यात मसाईच्या पठारावरचा एखादा तुकडा सकाळच्या उन्हात चालावा आणि चालता चालता त्या रात्रीची गोष्ट मुलांनीच सांगावी. पालखीबरोबर धावणाऱ्या मावळ्यांना किती तहान लागली असेल, हा प्रश्न पुस्तकात येत नाही. पठारावर दुसऱ्या तासाला पाण्याची बाटली रिकामी झाली की तो आपोआप येतो.

आता त्या आक्षेपाकडे येतो, ज्याला मी सर्वांत अधिक मान देतो. अनेक स्त्रिया म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे, की अशा मुक्कामात घरचा स्वयंपाकच रानात जातो आणि तो करायला आई त्याच्या मागोमाग जाते. पहाटे उठून डबे तिनेच भरायचे, मसाल्याच्या पुड्या तिनेच बांधायच्या, रानात धुरात तिनेच बसायचे आणि परत आल्यावर मातीने भरलेले कपडे तिनेच धुवायचे. त्यापेक्षा माणशी ठरलेला दर देऊन ताट समोर आले तर तिला चार घटका तरी बसता येते. या तक्रारीवर ‘निसर्गात मन रमते’ असले उत्तर देणे अन्यायाचे आहे. मुलांना कामाचा वाटा द्या, असे मी म्हणतो तेव्हा घरातल्या पुरुषांचा वाटा त्यात आधी धरलेला आहे. निघण्यापूर्वीच कामांची वाटणी कागदावर लिहून काढावी आणि त्यात स्वयंपाक व भांडी बाबांकडे आणि मुलग्यांकडे असावीत. बेत अगदी साधा ठेवावा. भाकरी गावातल्या बाईकडून योग्य दाम देऊन घ्याव्यात. पिठले, खर्डा, भाजलेली रताळी एवढे मुलांच्या हातून होते आणि बिघडले तरी कोणी उपाशी राहत नाही. आईकडे त्या रात्री एकही काम नसावे, अशी वाटणी करून पाहिलेल्या घरांत पुढच्या मुक्कामाचा विषय आईच काढते, हे मी पाहिले आहे. मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत त्याने कणीक मळलेली नसेल, तर रानातली परात ही त्याला चांगली सुरुवात आहे.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात पण काटेकोरपणे सांगायला हवे, कारण कामाचा वाटा देणे म्हणजे मुलांना वाऱ्यावर सोडणे नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. चावल्याचे कित्येकदा कळतही नाही. म्हणून तंबूची चेन कायम बंद, बूट घालण्यापूर्वी झटकायचे, आणि रात्री लघवीला उठले तर बॅटरी घेऊन मोठ्या माणसाबरोबरच जायचे. थंडी कितीही पडली तरी पेटती शेगडी किंवा निखारे तंबूत न्यायचे नाहीत, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावतो. धरणाच्या पाण्यात मुलांना उतरवू नये. काठ गाळाचा असतो आणि खोली एकाएकी वाढते. जवळचे ग्रामीण रुग्णालय कुठे आहे आणि तिथे सर्पदंशावरची लस आहे का, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारावे, आणि १०८ क्रमांक लागेल एवढी मोबाइलची रेंज तळावर आहे का तेही पाहून ठेवावे. पावसाळ्यात घाटमाथ्यावर मुलांना घेऊन तंबूत राहू नये, असे माझे मत आहे, कितीही आग्रह झाला तरी.

कुठे राहू नये हेही तितकेच महत्त्वाचे आहे. दाजीपूरचे रान एके काळी करवीर संस्थानचे शिकारीचे राखीव जंगल होते. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झाले, आणि आज सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा एक भाग आहे. वन खात्याच्या परवानगीशिवाय तिथे शिरता येत नाही, आणि धोका होईल असा विस्तव पेटवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पन्हाळाही २०२५ पासून मराठा लष्करी स्थापत्याच्या जागतिक वारसा स्थळांत आहे. त्याच्या तटाखाली चूल मांडणे शोभणारे नाही. या जागा दिवसा, नियम पाळून, वाटाड्याबरोबर पाहायच्या आणि मुक्काम बाहेरच्या गावात करायचा. शेकरूचे काटक्यांचे घरटे झाडावर शोधणे, गव्याच्या खुरांचा ठसा ओल्या मातीत ओळखणे, हे सगळे दिवसाउजेडी होते आणि त्यासाठी जंगलात रात्र काढावी लागत नाही.

म्हणून प्रश्न येतो तो बाहेरच्या गावात राहायचे कुठे, याचा. याचे उत्तर आपल्याजवळ तयार आहे असे मला वाटते. दिवाळीच्या, नाताळच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जिल्हा परिषदेच्या शाळांची आवारे रिकामी असतात. तिथे सपाट मैदान आहे, कुंपण आहे, शौचालये आहेत, बहुतेक ठिकाणी पाण्याची टाकी आहे, आणि मुख्य म्हणजे गाव हाकेच्या अंतरावर आहे. डोंगर भटकणारी मंडळी वर्षानुवर्षे वाटेवरच्या शाळांत आणि देवळांत उतरत आली आहेत. त्याला थोडी शिस्त आणि थोडी सोय जोडली की कुटुंबांसाठी तळ तयार होतो. प्रत्येक तालुक्यात अशी दोन-तीन आवारे निवडावीत. एका वेळी दहा-पंधरांहून अधिक तंबू घेऊ नयेत. चुलींच्या जागा दगड लावून ठरवून द्याव्यात, म्हणजे वाटेल तिथे जाळ होणार नाही. सरपण, भाकरी आणि दूध गावातल्या महिला बचत गटाने विकावे, देखरेख गावातल्याच एखाद्या कुटुंबाने करावी आणि शुल्काचा ठरलेला वाटा शाळेला मिळावा. मुलींसाठी आणि स्त्रियांसाठी वेगळे, आतून कडी लागणारे, रात्रभर दिवा असलेले शौचालय ही पहिली अट असावी; ती पुरी होत नसेल तर ते आवार निवडूच नये. व्हीलचेअर जाईल असा एक रस्ता आणि एक शौचालय हवे, कारण अपंग मुलांना रानात नेणे आज त्यांच्या पालकांना जवळपास अशक्य करून ठेवले आहे. ध्वनिक्षेपक आणि दारू यांना सरसकट बंदी असावी, आणि आणलेला कचरा ज्याचा त्याने परत न्यावा.

शाळेच्या आवारात परक्या माणसांना का येऊ द्यायचे, अशी शंका गावकरी घेतील आणि ती रास्त आहे. त्यासाठी नोंदणी कुटुंबांचीच व्हावी, ओळखपत्र घेऊनच व्हावी, आणि आधी ग्रामसभेचा ठराव व्हावा. गावाला नको असेल तर तळ होणार नाही, एवढे स्पष्ट असले की बाकीच्या अडचणी बोलून सुटतील. शहरातल्या शाळांनाही याचा उपयोग आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्यांतले दोन दिवस आणि एक रात्र अशा तळावर गेली, तर ज्या घरांना खासगी तळाचा दर परवडत नाही त्या घरांतल्या मुलांनाही ध्रुवतारा मुठीने मोजता येईल.

या मागणीला कोल्हापुरात एक जुना आधार आहे. खेड्यातल्या मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा, इमारती आणि अनुदाने दिली, आणि त्यातून या शहराने कित्येक पिढ्या घडवल्या. आज शहरातल्या मुलांना खेड्यात एक रात्र राहायला जागा हवी आहे. खर्च त्या मानाने किरकोळ आहे: शौचालयांची दुरुस्ती, दोन दिवे, पाण्याची एक जास्तीची टाकी, दगडी चुली, नियमांचा फलक. राधानगरी किंवा भुदरगडमधल्या एखाद्या ग्रामपंचायतीने ठराव करून पुढे यावे आणि जिल्हा परिषदेने येत्या दिवाळीच्या सुट्टीसाठी त्या एका शाळेचे आवार खुले करून पाहावे. पहिल्या हंगामात किती कुटुंबे आली, गावाला किती पैसे मिळाले, काय मोडले आणि कोणाला त्रास झाला, याची नोंद शाळेतल्या शिक्षकांनी आणि बचत गटाने मिळून ठेवावी, आणि दुसऱ्या आवाराचा निर्णय त्या नोंदीवरून घ्यावा.